सोनं धुवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी चौपन्न वर्षांची, कोथरूडला राहते. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. नदीकाठी बसून पॅनमध्ये वाळू धुणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहता पाहता मला या छंदाची ओढ लागली आहे. मुलगा मेलबर्नला असतो, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. त्याआधी इथे थोडं शिकून घ्यावं असं वाटतं. मुठेत किंवा पानशेतच्या वरच्या ओढ्यांत सोनं मिळेल का? ऑनलाइन पस्तीस हजारांचा एक मेटल डिटेक्टर पाहून ठेवला आहे, तो घेऊ का? भाचा म्हणतो, रात्री सिंहगडाच्या पायथ्याशी फिरवून पाहू. हे सगळं कायद्यात बसतं का? शिवाय एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्नाटकातली 'सोन्याची माती' पोत्याने विकणारा एक माणूस आहे. त्याला मी दोन हजार रुपये आगाऊ पाठवले आहेत. यजमान म्हणतात, या वयात हे काय खूळ. खरंच खूळ आहे का?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

खूळ अजिबात नाही. वाळूतून जड कण वेगळा काढणं ही हाताची कला आहे आणि ती चौपन्नाव्या वर्षीही छान येते. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: मुठेत सोनं नाही. पानशेतच्या ओढ्यांत नाही, मुळेत नाही, पवनेत नाही, इंद्रायणीतही नाही. ते शोधण्यात एकही रविवार घालवू नका.

याचं कारण आपल्या पायाखालचा दगड. ताम्हिणी घाटातून जाताना कड्यांवर आडवे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात, ते लाव्हाचे थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वर आलेला हा बेसॉल्ट. पुणं त्यावरच वसलंय. सोनं तसं पृथ्वीच्या कवचात सगळीकडेच असतं, पण सरासरी टनाला चार मिलिग्रॅमच्या आसपास. इतक्या विरळ सोन्याचं माणसाला काही करता येत नाही. ते आधी निसर्गाने गोळा करून द्यावं लागतं. फार जुन्या खडकांच्या भेगांमधून खोलवरचं तापलेलं पाणी फिरतं, त्यात विरघळलेलं सोनं गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये साठतं. मग कोट्यवधी वर्षं ऊनपाऊस त्या शिरा झिजवतो आणि सुटलेले कण नदी आपल्या वाळूत आणून ठेवते. कर्नाटकात कोलार आणि हट्टीला सोन्याच्या खाणी झाल्या, तिथले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. तिथे हे सगळं घडलं. आपल्या नद्या मात्र सह्याद्रीत बेसॉल्टवर उगम पावतात आणि दुसऱ्या कुठल्याही दगडाला न शिवता पुण्यात येतात. झिजवायला पाऊस भरपूर आहे, वाहून आणायला नद्या आहेत, पण शिराच नाहीत.

जुने खडक आपल्याही खाली आहेत. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी तिथे खोल बोअर घेतले, तेव्हा शेकडो मीटर, काही ठिकाणी तर किलोमीटरभर बेसॉल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. त्याच्यापर्यंत मुठा पोचत नाही. म्हणून कोणी मुठेच्या वाळूत पिवळं काही चमकताना दाखवलं, तर तो बहुधा कॅल्साइटचा किंवा झिओलाइटचा, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजाचा, कण असतो. सुंदर असतो, पण सोनं नव्हे.

महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूच्या जुन्या खडकांत. देशात नदीच्या वाळूतून सोनं काढण्याची जुनी परंपरा झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आहे, छत्तीसगडात ईब नदीच्या खोऱ्यात आहे, केरळात निलंबूरजवळ चालियार नदीवर आहे. तिथे हे काम छंद म्हणून कोणी करत नाही. झारखंड-छत्तीसगडाकडे सोनझरा समाजातली माणसं, त्यात बायका पुष्कळ, लाकडी पात्रात दिवसभर वाळू धुतात आणि संध्याकाळी तांदळाच्या कणीपेक्षाही लहान दाणे घेऊन व्यापाऱ्याकडे जातात. त्यांचं कौशल्य आपल्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोठं आहे. कधी तिकडे गेलात तर त्यांच्याकडून शिका आणि शिकवल्याचे पैसे द्या. पण त्यांच्या काठावर आपलं घमेलं घेऊन बसू नका.

आपल्याकडेही ही विद्या होती, फक्त नदीऐवजी सराफांच्या पेढीवर. झारेकरी सोनारांच्या दुकानातली केरमाती विकत घेत, दुकानासमोरची धूळ गोळा करत आणि पाण्यात धुऊन त्यातला सोन्याचांदीचा कीस वेगळा काढत. तुम्हाला जे शिकायचंय ते नेमकं हेच आहे. त्यासाठी सोन्याची नदी शेजारी असण्याची गरज नाही, आणि म्हणूनच पुण्यात बसून तुम्ही मेलबर्नची नीट तयारी करू शकता.

आधी कायद्याचं सांगते, कारण भाच्याची सूचना वाचून मला काळजी वाटली. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमानुसार सोन्यासारख्या खनिजाचा शोध घेण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, आणि तो खाणकाम करणाऱ्यांसाठी असतो. हौशी माणसाला देण्याचा असा कुठलाही परवाना आपल्याकडे नाही. विनापरवाना काम केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नदीची वाळू गौण खनिजात येते आणि तिच्या उपशावर महसूल खात्याचं बारीक लक्ष असतं. तुमची बादली आणि वाळूमाफियाचा ट्रक यांत अर्थातच फरक आहे, पण पात्रात उकरत बसलेल्या माणसाला तलाठ्याने हटकलं तर त्याची चूक म्हणता येणार नाही. आणि गड! सिंहगड असो, राजगड असो, केंद्राच्या संरक्षणातला असो वा राज्याच्या, तिथे उकरणं गुन्हा आहे. रात्री डिटेक्टर घेऊन जाणं तर थेट पोलीस चौकीचा रस्ता. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. हा १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मोहरांच्या अफवेवर लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. शेतकऱ्यांच्या जमिनीची नासाडी झाली. ज्या मातीत इतिहासाचे थर आहेत तिथे मोहर सापडण्यापेक्षा तिच्या भोवतीची माती न विस्कटणं मोलाचं आहे, कारण एखादी वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती हे एकदा उकरल्यावर पुन्हा कोणालाच कळत नाही. भाच्याला हे प्रेमाने पण ठामपणे सांगा.

डिटेक्टर घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी नवख्यासाठी तो निरुपयोगी आहे. नदीतलं सोनं बहुतेक वेळा बारीक पाकळ्यांच्या आणि पिठासारख्या कणांच्या रूपात असतं, आणि डिटेक्टरला ते कळत नाही. त्याला हवा असतो चांगला दाणा. त्यातून आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, ठासून भरलेलं. अशा जमिनीवर यंत्र सतत किरकिरत राहतं. त्या पस्तीस हजारांत तुमचं मेलबर्नहून बॅलरॅट या सोन्यासाठी प्रसिद्ध गावी जाऊन दोन दिवस राहणं होईल.

आता खरं काम. बोहरी आळीत जा आणि काळं प्लास्टिकचं घमेलं घ्या, बांधकामावर वापरतात तेच, पण आतून शक्य तितकं गुळगुळीत. काळ्या तळावर पिवळा कण चटकन दिसतो. स्टीलच्या परातीत सगळंच चमकतं. ऑनलाइन मिळणाऱ्या सोन्याच्या पॅनला एका बाजूने आडव्या खाचा असतात. त्या खाचा नवख्याला फार मदत करतात, तेव्हा बजेट असेल तर चौदा इंची हिरवा किंवा काळा पॅनही घ्या. पण घमेल्यावर आधी हात बसला तर खाचांचं पॅन नंतर खेळण्यासारखं सोपं जातं, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. सोबत तीन-चार मिलिमीटर भोकांची एक चाळण, एक जोरकस चुंबक, दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, झाकणाची काचेची बाटली आणि बाळाला औषध देतात तसा ड्रॉपर. गळाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात, त्याही घ्या. बांधकाम साहित्याच्या दुकानातून अर्धं पोतं नदीची वाळू आणा, क्रश सँड नको. नदीत उतरायचं नाही; वाळू विकतची, पाणी घरच्या टबातलं.

घमेलं वापरण्याआधी भांडी घासायच्या द्रावणाने चांगलं घासा. नव्या प्लास्टिकला तेलकट थर असतो आणि तेलकट भांड्यात सोन्याचा बारीक कण पाण्यावर चक्क तरंगतो. तो बुडायला हवा, म्हणून धुण्याच्या पाण्यातही साबणाचे दोन थेंब टाकतात. एवढ्या साध्या गोष्टीने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

शिशाच्या गोळ्या हातोडीने चपट्या करा आणि कापून दीड-दोन मिलिमीटरचे दहा तुकडे करा. चाळलेली वाळू घमेल्यात दोन तृतीयांश भरा, तुकडे मोजून त्यात मिसळा. शिसं विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा आणि ते घमेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

टबात पाणी घेऊन घमेलं पूर्ण बुडवा. हाताने ढेकळं फोडा, माती विरघळू द्या, गढूळ पाणी जाऊ द्या. मग घमेलं पाण्याखालीच सपाट धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा. खरं काम इथेच होतं. आपण सुपात धान्य पाखडतो तेव्हा हलकं वर येऊन पुढे जातं आणि जड मागे राहतं. इथे वाऱ्याच्या जागी पाणी आहे, इतकंच. सोन्याची घनता १९.३, वाळूतल्या गारेची सुमारे २.६५, म्हणजे हवेत सोनं सातपट जड. पण पाण्यात दोघांचंही वजन पाण्याएवढं कमी होतं, त्यामुळे तो फरक जवळपास अकरा पटींवर जातो. पाण्याखाली हलवायचं ते यासाठी. हलवल्यावर वाळू सैल होते, पाण्यासारखी वाहू लागते आणि जड कण तिच्यातून खाली उतरतो.

चांगलं हलवून झालं की घमेलं पुढच्या बाजूला किंचित कलतं करा आणि पाणी आत-बाहेर करत वरचा थर हळूहळू ओठावरून जाऊ द्या. थोडा गेला की पुन्हा सपाट, पुन्हा जोरात हलवणं. नवखी माणसं हलवतात कमी आणि धुतात जास्त. हातातून सोनं जातं ते तिथे. नियम असा ठेवा की एकदा कलतं करण्याआधी दहा-पंधरा वेळा हलवायचंच. शेवटी दोन चमचे काळी वाळू उरते. तिच्याशी घाई करायची नाही. थोडंसं पाणी घेऊन घमेलं हलकेच गोल फिरवा, वाळू पंख्यासारखी पसरते आणि तिच्या शेपटाशी सर्वात जड तुकडे उघडे पडतात. ड्रॉपरने ते उचला आणि मोजा.

पहिल्यांदा दहापैकी चार-पाच मिळाले तरी निराश होऊ नका. बाहेर गेलेली वाळू टबातच आहे, ती परत धुवा; उरलेले तुकडे कुठल्या टप्प्यावर निसटले ते कळेल. दहाच्या दहा सलग मिळायला लागले की तुकडे निम्मे बारीक करा. शिशाची घनता ११.३, सोन्याहून बरीच कमी, त्यामुळे शिसं सांभाळणाऱ्या हाताला तेवढ्याच आकाराचं सोनं सोपं जातं. शेवटची परीक्षा म्हणून ओळखीच्या सराफाकडून बावीस कॅरेटचा चिमूटभर कीस वजन करून, पावती घेऊन विकत घ्या आणि तो वाळूत मिसळून परत काढा. तुमच्या कष्टाचा खरा हिशेब तेव्हा दिसेल. आणि एक: धुतलेली वाळू बेसिनमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू नका, सोसायटीचा पाइप तुंबेल. शिशाचे सगळे तुकडे मोजून बाहेर काढल्यावरच ती पुन्हा पोत्यात भरा, पुढच्या सरावाला लागेल.

ती काळी वाळू फेकू नका. वाळवून कागदावर पसरा, चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून फिरवा. मोठा भाग उडी मारून चिकटेल. तो मॅग्नेटाइट, आपल्याच बेसॉल्टमधून सुटलेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जे काळे पट्टे दिसतात त्यात त्याच्याबरोबर इल्मेनाइट हे दुसरं काळं, जड खनिज असतं. लाटा तिथे तेच काम करतात जे तुम्ही घमेल्यात करता. सोन्याच्या प्रदेशातही तळाशी अशीच काळी वाळू उरते आणि सोनं तिच्यात असतं. पण काळी वाळू दिसली म्हणजे सोनं आहेच, असं उलट चालत नाही. आपली मुठा हे त्याचं उत्तम उदाहरण.

ओळखायला शिका. खरं सोनं सावलीतही तितकंच पिवळं दिसतं. पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज, आणि अभ्रक कोन बदलला की चमकतात आणि विझतात. सुईच्या टोकाने दाबलं तर सोन्याला खड्डा पडतो, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. पुण्यात हे खडे हातात घेऊन पाहायचे असतील तर एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात विचारा. फर्ग्युसनमध्ये आणि विद्यापीठात हे विभाग आहेत, आणि मनापासून विचारणाऱ्याला तिथली माणसं सहसा परत पाठवत नाहीत. नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' हे संकेतस्थळ आहे. तिथे महाराष्ट्राचा नकाशा उघडला की बेसॉल्टचा पसारा आणि पूर्वेकडचे जुने खडक एका नजरेत येतात.

हात बसल्यावर नजर बसवायची. सोनं नदीत सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, पाण्याचा जोर जिथे ओसरतो तिथे ते थांबतं. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, तळाच्या कातळातल्या फटींत, काठावरच्या झाडांच्या मुळांत. यासाठी निघोजला जाऊन या. शिरूरच्या पुढे, पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, कातळात पाण्याने आणि गोट्यांनी घुसळून पाडलेले खोल खड्डे. काठावर नुसतं बसा आणि पाहा: कुठल्या रांजणात गोटे अडकलेत, कुठल्यात वाळू, पूर आला तेव्हा पाणी कुठून आलं असेल, वेग कुठे कमी झाला असेल. वहीत रेखाटून घ्या. सोन्याच्या नदीवर अशीच फट, असाच खळगा सर्वात आधी रिकामा करायचा असतो. काहीही उकरू नका आणि पावसाळ्यात जाऊ नका. तिथे पाय घसरला तर वाचणं अवघड. शहरातल्या मुठेच्या पात्रात तर उतरूच नका. पाणी सांडपाण्याचं आहे आणि खडकवासल्यातून विसर्ग सोडला की पातळी झपाट्याने चढते.

पुण्याचा बेसॉल्ट सोनं देत नाही, पण त्याच्या पोकळ्यांमध्ये जे स्फटिक वाढतात त्यासाठी जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव घेतात. तिथल्या खाणींतला कॅव्हनसाइट, गडद निळा, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेला, एकदा भिंगाखाली पाहा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने मांडलेले आहेत. खाणीत मात्र मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, तिथे सुरुंग चालतात.

मेलबर्नबद्दल. तुम्ही नेमक्या योग्य ठिकाणी निघाला आहात. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बॅलरॅट, बेंडिगो, कॅसलमेन ही गावं उभी राहिली. १८६९ मध्ये मोलियागुल इथे सत्तर किलोहून जड सोन्याचा गोळा झाडाच्या मुळांपाशी, जमिनीच्या अगदी वरच्या थरात मिळाला. अशी आशा घेऊन जाऊ नका, पण ती जमीन कशी आहे ते यावरून कळेल. सुरुवात बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलपासून करा. हे खुलं संग्रहालय आहे, तिथल्या ओढ्यात पाहुण्यांना पॅन देऊन सोनं धुवायला बसवतात. ते सोनं मुद्दाम टाकलेलं असतं, त्यात कमीपणा मानू नका. खऱ्या सोन्याचं वजन हाताला तिथे कळतं. मग खऱ्या ओढ्यावर जायचं तर व्हिक्टोरिया सरकारचा 'मायनर्स राइट' काढा. तो ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो, आणि त्यावर सरकारी जमिनीत हाताच्या अवजारांनी सोनं शोधता येतं, सापडलेलं ठेवताही येतं. राष्ट्रीय उद्यानं बहुतांशी वर्ज्य आहेत, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून यायचं असतं. कुठली जागा खुली आहे ते मुलाला सरकारी नकाशावर आधी पाहू द्या.

डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो. लहान ओढे आटलेले असू शकतात, तेव्हा गाडीत पाण्याचे कॅन आणि एक टब ठेवा. घरी टबात शिकल्याचा तिथे उपयोग होईल. साप असतात, वणव्याच्या इशाऱ्याच्या दिवशी रानात जायचं नाही. पुण्याचं घमेलं सोबत नेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर मातीचा कणसुद्धा जाहीर करावा लागतो, बुटांच्या तळव्यांचीही तपासणी होते. पॅन तिथेच घ्या. परत येताना तिथली माती किंवा काळी वाळू आठवण म्हणून आणू नका. भारतात परवान्याशिवाय माती आणायला बंदी आहे.

मिळणार किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत आणि मला ते आवडलं. तरी सांगते. एक ग्रॅम सोन्याचा घन केला तर त्याची बाजू चार मिलिमीटरलाही पोचत नाही. सुट्टीतल्या दोन-चार दिवसांत हौशी माणसाला त्याचाही लहानसा अंश मिळतो. बाटलीत पाणी भरून ते कण ठेवलेत की भिंगातून मोठे दिसतात आणि यजमानांनाही दाखवता येतात. त्यांना नुसतं पाहायला लावू नका, टबापाशी बसवून दहा तुकडे शोधायला द्या.

व्हिडिओंमध्ये कधी कधी काळ्या वाळूत पारा घालून सोनं गोळा करताना आणि मग तो गोळा तापवताना दाखवतात. हे कधीही करू नका, गच्चीवरही नाही, एकदाही नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि मेंदू व मूत्रपिंडांचं कायमचं नुकसान करते. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला आहे आणि भारताने तो मान्य केला आहे. तेजाबाने सोनं गाळण्याचे घरगुती प्रयोगही तसेच टाळा. छंदाला घमेलं, पाणी आणि चुंबक पुरतं.

राहिला तो पोत्यातली माती विकणारा. उरलेले पैसे पाठवू नका. ती माती कुठल्या खाणीतून, कोणाच्या परवान्याने आली हे तो सांगू शकणार नाही. खरंच तिथून आणली असेल तर चोरीची, आणि नसेल तर साधी माती, वर पितळेचा कीस. शिवाय ज्या मातीतून सोनं काढणं परवडतं ती कोणी पोत्याने विकत नाही. त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, ग्रुपच्या ॲडमिनला कळवा आणि आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुम्ही बँकेत होतात, लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता किती वाढते हे तुम्हाला माहीतच आहे.